ह्यांची दाढी करणाऱ्या भाऊंना

प्रिय भाऊ,

अनेक आशीर्वाद.

हे पत्र मुद्दामच उघडं लिहिते आहे. पाकिटात घालून दिलं असतं तर तुम्ही नेहमीसारखं "आजी, त्यात काय एवढं, कामच आहे ते" म्हणून खिशात टाकलं असतं. चार लोकांनी वाचलं म्हणजे तुम्हाला तसं सुटता येणार नाही.

हे गेल्यापासून भेटायला येणारा प्रत्येक जण एकच विचारतो: "शेवटी फार त्रास झाला का हो?" विचारणाऱ्यांचा दोष नाही. माणूस ९२ वर्षं जगतो, आणि मागे उरलेल्यांच्या डोळ्यांपुढे बघावं तर शेवटचे काही महिने ठाण मांडून बसलेले असतात. आजारपण सगळ्यात शेवटी येतं, म्हणून आठवणीत सगळ्यात पुढे बसतं. माझ्या नात्यातली एक बाई नवऱ्याची आठवण काढायला बसली की तिला त्याच्या पाठीवरच्या जखमा आठवतात. चाळीस वर्षांचा संसार त्या जखमांच्या मागे कुठे गेला, तिला सापडत नाही. मला मात्र हे आठवतात ते छापखान्यात केसपुढे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं ठेवायच्या खणाखणांच्या पेटीपुढे, उभे असलेले, डाव्या हातात ती अक्षरं ओळीत जुळवायची स्टिक, मान किंचित तिरकी. तुमचे आभार मानायचे आहेत ते एवढ्याचसाठी. म्हटलं तर एका ओळीचं काम, पण मला थोडक्यात लिहिता येत नाही.

ह्यांची शुश्रूषा करायला तुमच्याआधी दोघे येऊन गेले. त्यांची नावं काढत नाही. एकाचं लक्ष फोनमध्ये, दुसऱ्याला सदा घाई. कूस बदलायची म्हणजे खांद्याला धरून ओढायचं, एवढंच दोघांना ठाऊक. "आजोबा मारायला धावतात" अशी दोघांचीही तक्रार होती. तुम्ही आलात तेव्हा दारातच मला विचारलंत, कुठल्या कानानं ऐकू येतं? मग हात धुऊन ह्यांच्या उजव्या बाजूला स्टूल ओढून बसलात आणि म्हणालात, "आजोबा, मी आता तुमच्या डाव्या खांद्याला हात लावतोय." मग हात लावलात. ह्यांच्या डोळ्यांतला नेत्रपटलाचा मधला भाग वयानं झिजलेला. कडेकडेचं दिसायचं, पण समोर आलेल्याचा चेहरा नेमका पुसलेला. अशा माणसाच्या अंगावर न सांगता हात पडला तर तो हात झटकणारच! तुम्ही सांगून हात लावायला लागल्यापासून मारामारी संपली. इतकी साधी गोष्ट, पण आधी कुणाला सुचली नव्हती.

मी जन्मभर प्रुफं वाचली. चूक शोधायची सवय हाडात मुरलेली आहे, ती तुमच्या कामातही शोधत बसायची. तुम्हाला ते कळत होतं आणि तुम्ही मनातल्या मनात हसत होता, हेही मला कळत होतं. दर दोन तासांनी कूस बदलायची, त्याचा कागद कपाटाला चिकटवलेला. ह्यांच्या खाली आडवी घडी केलेली चादर असायची. त्या चादरीनिशी उचलून सरकवायचं, कधी ओढायचं नाही. ओढलं की वरची कातडी गादीला धरून राहते, आतलं मांस पुढे जातं आणि इजा आतून सुरू होते, हे तुम्ही मला समजावलंत. कुशीवरही पूर्ण आडवं नाही, पाठीला उशी देऊन तीसेक अंशांत तिरपं, म्हणजे खुब्याच्या हाडावर सगळा भार येत नाही. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. माकडहाडापाशी लाली दिसली की बोट दाबून बघायचात: बोट काढल्यावर जागा क्षणभर पांढरी पडली तर ठीक, लाल ती लालच राहिली तर सावध. शेजारच्या एक बाई म्हणाल्या, तिथे चांगलं चोळून काढा. तुम्ही अगदी नम्रपणे नाही म्हणालात. लाली आलेल्या हाडावर चोळलं की आतली दुखावलेली जागा आणखी दुखावते, तिथला भार काढायचा असतो. शेवटच्या दिवशी ह्यांच्या अंगावर एकही जखम नव्हती. अंथरुणात इतके महिने काढलेल्या माणसाबद्दल हे सांगता येणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरात असं आजारपण झालंय त्यांना कळेल.

पण माझा खरा विषय निराळाच आहे.

गिळताना ठसका लागायला लागला होता. तुम्ही ह्यांना ताठ बसवून, हनुवटी छातीकडे वळवून, चमच्या-चमच्यानं भरवायचात. घशाची गाठ वर जाऊन खाली आली की मगच पुढचा चमचा. खाऊन झाल्यावर लगेच आडवं करायचं नाही, अर्धा तास तसंच बसवून ठेवायचं, नाहीतर अन्न उलटून श्वासनलिकेत जाण्याची भीती. दिवसातून तीन वेळा असा अर्धा तास. आम्ही तो नुसता घालवायचो, भिंतीकडे बघत. तुम्ही विचारायला सुरुवात केलीत.

"आजोबा, खिळे म्हणजे नेमकं काय?"

भाऊ, तुमच्या वयाच्या माणसानं छापखान्यातला खिळा बघितलेला असण्याचं काही कारणच नाही. पण हा प्रश्न ह्यांना विचारून तुम्ही काय उघडलंत! बोलायला दम लागणारे हे, तुम्हाला सांगायला लागले. खिळा म्हणजे छपाईचं एकेक सुटं धातूचं अक्षर. शिसं, त्यात अँटिमनी आणि कथील. शिसं नुसतं वापरलं तर अक्षर दबतं, अँटिमनीनं ते कडक होतं. देवनागरीची केस इंग्रजीसारखी आटोपशीर नाही. काना, मात्रा, वेलांटी, अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, शेकडो घरं. हात आपोआप त्या घरात गेला पाहिजे, बघायला वेळ नाही. स्टिकमध्ये अक्षरं उलटी बसवायची, डोकं खाली, पण डावीकडून उजवीकडे. प्रत्येक खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. ती बोटाला लागली की अक्षर सुलटं बसलं की नाही हे डोळे मिटूनही कळतं. हे सगळं मला पाठ होतं, पण मी ऐकत बसले, कारण ऐकणारा नवा होता आणि सांगणारा पुन्हा सोळा वर्षांचा झाला होता.

सोळाव्या वर्षी हे छापखान्यात लागले ते छापून झालेल्या मजकुराचे खिळे सोडवून परत आपापल्या घरात टाकायच्या कामाला. उंची बेताची, म्हणून पायाखाली लाकडी खोका. एका रात्री बांधलेलं अख्खं पान ह्यांच्या हातून जमिनीवर सांडलं आणि सकाळी ते मशीनवर चढायचं होतं. ही गोष्ट नातवंडांनी शंभरदा ऐकलेली. तुम्हाला सांगताना मात्र तिला एक शेपूट फुटलं. त्या रात्री एक म्हातारा कंपोझिटर, म्हणजे खिळे जुळवणारा, घरी न जाता ह्यांच्याशेजारी जमिनीवर बसून खिळे वेचत राहिला आणि सकाळी मालकाला म्हणाला, पान माझ्या हातून पडलं. हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. पुढे हाताखालच्या पोरांना हे कधी ओरडले नाहीत, त्याचा उगम मला इतक्या वर्षांनी तुमच्यामुळे कळला.

आणि ती दुसरी गोष्ट. ती तुम्ही मला स्वयंपाकघराच्या दारात येऊन, हसू दाबत सांगितलीत. मी त्या छापखान्यात प्रुफं तपासायला लागले तेव्हा ह्यांच्या गॅलीत, म्हणजे जुळवलेल्या मजकुराच्या कच्च्या छापात, हमखास एक वेलांटी चुकलेली असायची. एकच. बाकी सगळं स्वच्छ. मी खूण करून कागद परत पाठवायचे आणि हे खिळा बदलून, दुरुस्ती दाखवायला स्वतः माझ्या टेबलापाशी यायचे. मला वाटायचं, एवढा हुशार कंपोझिटर, पण ऱ्हस्व-दीर्घाच्या बाबतीत कच्चा. लग्नानंतरही मी ह्यांना त्यावरून चिडवत आले. तर म्हणे ती वेलांटी मुद्दाम चुकवलेली असायची! साठ वर्षं हे पोटात ठेवलं ह्या माणसानं, आणि सांगितलं कुणाला, तर दाढीचा साबण लावणाऱ्या तुम्हाला. मी आत जाऊन जाब विचारला तर डोळे मिटून झोपेचं सोंग.

नात मानसशास्त्र शिकते. ती म्हणाली, आजी, म्हातारपणी माणसं जुनं उकरतात ते भ्रमिष्टपणामुळे नव्हे. रॉबर्ट बटलर नावाच्या अमेरिकी मनोविकारतज्ज्ञानं १९६३ सालीच लिहून ठेवलंय की आयुष्याच्या शेवटाकडे येताना आपलं सगळं जगणं एकदा तपासून बघणं ही मनाची स्वाभाविक गरज आहे. त्याआधी डॉक्टर मंडळी हे म्हातारचळात जमा करायची. मी म्हटलं, म्हणजे शेवटचं प्रुफ वाचणंच की. ती हसली. पण असं प्रुफ एकट्याला वाचता येत नाही. कुणीतरी समोर बसून मूळ प्रत धरावी लागते. आम्ही घरची माणसं त्या कामाला उपयोगाची नव्हतो, कारण आम्ही मध्येच "हो, माहितीये" म्हणायचो.

नातवंडांबद्दलही तुम्ही ह्यांना बोलतं केलंत. खिळ्यांत जुळवून, दोऱ्यानं बांधून दिलेली आपापली नावं त्या तिघांनी आजही जपून ठेवली आहेत. आरशासमोर धरली की सुलटी दिसतात. समोर बसून उलटं पुस्तक वाचायची ह्यांची करामत बघून थोरल्या नातवाला तेच वेड लागलं आणि शाळेत बाईंच्या टेबलावरचे गुण तो लांबून वाचायचा. १९८५च्या सुमारास संगणकावर पानं लावायची सोय निघाली आणि पुढच्या काही वर्षांत आमच्याकडच्या केसही मोडीत गेल्या. खिळे वजनावर विकले, वितळवायला. हे रडले नाहीत, की संगणकाला शिव्या देत बसले नाहीत. पन्नाशी उलटल्यावर की-बोर्ड शिकले. एवढंच म्हणायचे की यंत्राला दोन शब्दांतली जागा मोजता येते, बघता येत नाही. माझं मत विचाराल तर ह्यांचं बरोबर होतं, पण मी पक्षपाती आहे.

आता ती दुपार. ह्यांचं बोलणं जवळजवळ थांबलं होतं आणि हातांचा चाळा सुरू झाला होता. उजव्या हाताची दोन बोटं चादरीवरून काहीतरी वेचायची आणि डाव्या हाताकडे न्यायची. पुन्हा वेचायची, पुन्हा न्यायची. डॉक्टरांनी सांगितलं, शेवटच्या टप्प्यात असं होतं. हिप्पोक्रेटिसच्या काळापासून वैद्यांनी हे लक्षण टिपून ठेवलेलं आहे. खरंच असणार. पण तुम्ही डाव्या हाताकडे बघितलंत. मूठ अर्धी उघडी, अंगठा आत वळवलेला. तुम्ही मला हाक मारलीत आणि विचारलंत, "आजी, आजोबा स्टिक अशीच धरायचे का?"

कपाटाच्या खणात ती होती. सोबत मूठभर खिळेही. मी आणून दिले, तुम्ही ते स्वच्छ पुसलेत, स्टिक त्या डाव्या हातात अलगद बसवलीत आणि खिळे ताटलीत घालून उजव्या हाताखाली ठेवलेत. हातांचा वेग कमी झाला. एकेक खिळा दोन बोटांत फिरायचा, खाच लागली की थांबायचा, मग स्टिकमध्ये जायचा. मध्ये एकदा हे थांबले, अंगठ्यानं ओळ दाबून बघितली आणि पुन्हा सुरू. पाऊण तास चाललं असेल. झाल्यावर तुम्ही ह्यांचे हात साबणानं दोनदा धुतलेत, शिसं असतं म्हणून. तेवढ्यातही ते तुमच्या लक्षात होतं.

मी ती ओळ वाचली. तिला अर्थ नव्हता. लोकांना वाटेल, माझं नाव असेल, देवाचं नाव असेल. तसं काही नव्हतं. दोन काने, एक अर्धा स, उकार, पुन्हा काना. पण एकूण एक खिळ्याची खाच एका बाजूला होती. एकही अक्षर उलटं बसलेलं नव्हतं. मी प्रुफ वाचणारी बाई आहे, उगाच पास करत नाही.

शेवटच्या दोन दिवसांबद्दल फार लिहीत नाही. श्वास मोठे मोठे होत जायचे, मग लहान, मग काही क्षण थांबायचेच, आणि आमचे सगळ्यांचे श्वास अडकायचे. तुम्ही मुलाला आणि सुनेला बाजूला घेऊन सांगितलंत की याला चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात, असं होणार, यात आजोबा गुदमरत नाहीयेत. घशात घरघर वाढली तेव्हा कुशीवर केलंत, ओठ ओल्या स्पंजनं टिपत राहिलात. आणि आम्हाला दटावलंत: कोपऱ्यात कुजबुजू नका, ह्यांच्याशी बोला. २०२०मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी अशा रुग्णांच्या मेंदूतल्या विद्युतलहरी तपासल्या तेव्हा प्रतिसाद न देणाऱ्यांपैकी काहींचा मेंदू आवाजांना अजून दाद देत असल्याचं दिसलं होतं, हे मला नातीनं नंतर सांगितलं. तुम्ही ते वाचलेलं नसणार. तुम्ही तुमच्या अनुभवानं बोलत होता. मग नातवंडं पाळीपाळीनं बोलली. थोरल्यानं शाळेतल्या गुणांची भानगड पुन्हा रंगवून सांगितली. मी उजव्या कानाशी जाऊन म्हटलं, वेलांटी सापडली हो मला.

हे गेले त्यानंतर तुमचं काम संपलं होतं. तुम्हाला कुणी थांबायला सांगितलं नव्हतं. तुम्ही पाणी गरम केलंत, ब्रश भिजवलात आणि म्हणालात, "आजोबा, दाढी करतोय, उजव्या गालापासून सुरू करतो." छापखान्यात जाताना हे कधी खुंट वाढलेले गेले नव्हते, हे ह्यांनीच तुम्हाला कधीतरी सांगितलेलं. मुलगा दारात उभा होता. त्याला आतापर्यंत रडू आलं नव्हतं, ते तेव्हा आलं. बापाच्या शेवटाचं त्याला जे आठवणार आहे, ते हे आहे. नळ्या आणि औषधांच्या बाटल्या नव्हेत. याचा हिशेब पगारात कसा करायचा ते मला समजत नाही, आणि खरं सांगायचं तर ज्यांच्यामार्फत तुम्ही आलात त्यांनाही समजत नसावा, कारण त्यांच्या पावतीवर तुमचं नावसुद्धा नव्हतं, नुसता "अटेंडंट, दिवसपाळी". मला त्याचा राग आला, म्हणून लिहिलं.

आता कामाचं. तुम्ही आणि नातीनं मिळून फोनवर जे जे ध्वनिमुद्रित करून ठेवलंत, ते तिनं उतरवून काढलंय. घरातल्यांपुरतं छोटं पुस्तक करतोय. प्रुफं माझ्याकडे आहेत, ती मीच वाचणार, दुसऱ्या कुणाला हात लावू देणार नाही. त्यात एका ठिकाणी गोष्ट अर्धीच तुटते. हे म्हणतात, "मग मी मशीनमनला सांगितलं की आजच्या आज ते पान उतरव, आणि तो म्हणाला..." इथे फोनची बॅटरी संपली. मी हयातभर त्या छापखान्याचं सगळं ऐकत आले, पण त्या मशीनमनशी ह्यांचं भांडण झाल्याचं मला ठाऊक नाही. त्या वेळी खोलीत तुम्ही एकटेच होता. पान कोणतं होतं, ते का उतरवायचं होतं आणि तो काय म्हणाला, हे जेवढं आठवत असेल तेवढं मला कळवा. लिहायचा कंटाळा असेल तर रविवारी सकाळी फोन करा, नात उतरवून घेईल. पुढचा फर्मा, म्हणजे एकत्र छापायची पानं, तेवढ्यासाठी थांबवून ठेवला आहे.

तुमची,
आजी